छतावर सोलर, तरी मासे का गेले?

प्रश्न : नमस्कार. आम्ही साताऱ्यात राहतो. स्वतःचं स्लॅबचं घर आहे. मार्चमध्ये सरकारी अनुदानातून छतावर 3 किलोवॅटचं सोलर बसवलं. हॉलमध्ये तीन फुटी फिश टँक आहे, त्यात चार गोल्डफिश आणि एक सकर (काच चाटणारा मासा) होता. सोलर झाल्यावर आम्ही समजत होतो की आता टँक सूर्यावर चालतोय, लाइट गेली तरी काळजी नाही. जूनमध्ये वादळी पावसात रात्री अकराला लाइट गेली ती सकाळी आठला आली. पाहतो तर तीन गोल्डफिश मरून पडलेले, चौथा पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होता. लाइट आल्याबरोबर फिल्टर सुरू केला, वाटलं वाचेल. तासाभरात तोही गेला. सकर मात्र ठणठणीत आहे! सोलरवाला म्हणतो सिस्टीम एकदम ओके आहे. ह्यांचं म्हणणं, बॅटरीवालं हायब्रिड इन्व्हर्टर बसवू. खर्च लाखाच्या वर सांगताहेत. नववीतला मुलगा म्हणतो, चाळकेवाडीसारखी छोटी पवनचक्की गच्चीवर लावू. सासूबाई म्हणतात, टाकीच विकून टाका. थंडीत बिलही वाढतं. टाकीवर कॅनिस्टर फिल्टर 30 वॅट, एअर पंप 5 वॅट, एलईडी लाइट 24 वॅट (सकाळी नऊ ते रात्री नऊ) आणि थंडीत 200 वॅटचा हीटर आहे. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, सोलरवाला खोटं बोलत नाही. तुमची सिस्टीम जशी असायला हवी तशीच आहे, आणि तशी आहे म्हणूनच त्या रात्री ती टाकीच्या काही कामाची नव्हती. एक कारण इतकं उघड आहे की सांगताना संकोच वाटतो : रात्री अकराला ऊन नसतं. पण समजा, लाइट भर दुपारी बाराला गेली असती, तरी फिल्टर बंदच पडला असता. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून 2024 पासून घरोघरी जे बसतंय, ते बहुतेक ग्रिडला जोडलेलं आणि बॅटरीशिवायचं असतं. त्यातला इन्व्हर्टर महावितरणच्या तारेतली वीज पाहून तिच्याशी जुळवून घेत चालतो. तारेतली वीज गेली की एक-दोन सेकंदांत तो स्वतःला बंद करून घेतो. हे मुद्दाम केलेलं असतं. खांबावर चढलेला लाइनमन तारेत वीज नाही असं धरून काम करतो, आणि तुमच्या छतावरून तिच्यात वीज शिरत राहिली तर त्याच्या जिवावर बेतेल. बसवून देणाऱ्यांनी हे ग्राहकाला पहिल्या दिवशीच सांगायला हवं. फार थोडे सांगतात, आणि मग पहिल्या पावसाळ्यात अशी पत्रं येतात.

आता मासे कशाने गेले ते बघू, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावरच उभा आहे.

तीन फुटी टाकीत, वाळू-दगड वजा जाता, साधारण 140 लिटर पाणी असतं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. त्यातून सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरवर, म्हणजे आणखी सात-आठ टक्के वजा. जूनच्या उकाड्यात मासा जास्त हालतो, त्याला हवाही जास्त लागते. गोल्डफिश हा तर खादाड, मोठ्या अंगाचा मासा. चार गोल्डफिश 140 लिटरमध्ये, रात्रीचं खाणं झालेलं, वर झाकण, पाणी निश्चल. अशा टाकीत नऊ तास काढणं अवघडच होतं. टाकीत खरी झाडं असतील तर तीही रात्री प्राणवायू देत नाहीत, उलट घेतात.

सकर वाचला यात नवल नाही. त्याला पाण्यातला प्राणवायू अपुरा पडला तर तो वर येऊन हवेचा घोट गिळतो आणि पोटाच्या भिंतीतून प्राणवायू शोषतो. फायटर आणि गुरामी या माशांकडेही हवेतून श्वास घ्यायची वेगळी सोय असते. गोल्डफिश तोंड वर काढतो ते पृष्ठभागालगतचं, त्यातल्या त्यात बऱ्या प्रतीचं पाणी कल्ल्यांवरून फिरवायला. त्यावर तो थोडा वेळ तग धरतो, रात्रभर नाही.

चौथ्या माशाची गोष्ट वेगळी आहे, आणि तुम्ही ती लिहिलीत हे बरं झालं. कॅनिस्टर फिल्टर म्हणजे बंद डबा. त्यातल्या स्पंजवर आणि चिनी मातीच्या नळ्यांवर जे जिवाणू वाढतात, ते माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. टाकी जगते ती त्यांच्या जिवावर. त्यांनाही प्राणवायू लागतो, आणि तो त्यांना वाहत्या पाण्यातून मिळतो. पाणी थांबलं की बंद डब्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात, अडकलेली घाण कुजू लागते. सकाळी आठला तुम्ही बटण दाबलंत तेव्हा नऊ तास कोंडलेलं ते पाणी एकदम टाकीत आलं. आधीच गुदमरलेल्या माशाला तेवढं पुरेसं झालं असावं. यात तुमची चूक मानू नका, कुणीही तेच केलं असतं. पण इथून पुढे लक्षात ठेवा : कॅनिस्टर तीन-चार तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर तो उघडायचा, आतलं पाणी ओतून द्यायचं, स्पंज आणि नळ्या टाकीतल्याच बादलीभर पाण्यात खंगाळायच्या आणि मग सुरू करायचा. नळाखाली धुवायच्या नाहीत, क्लोरीनने उरलेले जिवाणूही जातील.

म्हणजे त्या रात्री तुमच्याकडे ऊर्जा कमी होती असं म्हणण्यापेक्षा हवा कमी होती असं म्हणू या. हवेला वीज फार थोडी लागते. तुमचा एअर पंप 5 वॅटचा आहे. मोबाइलच्या साध्या चार्जरइतकीच त्याची भूक. लाखाचा खर्च निघालाय तो हा 5 वॅटचा प्रश्न सोडवायला.

ह्यांना हे आकडे दाखवा. तुमची टाकी आज दिवसाला किती खाते? फिल्टर 30 वॅट चोवीस तास म्हणजे 720 वॅट-तास, पंप 120, लाइट बारा तास म्हणजे 288. बेरीज साधारण 1,130, म्हणजे एक युनिट आणि वर थोडं. महिन्याला 34 युनिट. तुमचं 3 किलोवॅटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला 12 युनिटच्या आसपास देतं, म्हणजे टाकीच्या दहापट. नेट मीटरच्या हिशेबात टाकी मार्चपासूनच सूर्यावर चालते आहे. दिवसा तुमच्या छतावरची वीज टाकी वापरते, उरलेली तारेत जाते. रात्री तारेतून परत येते. (साताऱ्यात रात्री परत येणाऱ्या विजेत कोयनेच्या पाण्याचाही वाटा असू शकतो. 1,960 मेगावॅटचं ते जलविद्युत केंद्र तुमच्याच जिल्ह्यातल्या पाण्यावर चालतं.) तेव्हा अपारंपरिक ऊर्जेचं काम झालेलं आहे. त्यासाठी आणखी एक पैसा घालायची गरज नाही.

उरतं ते फक्त साठवणीचं. पूर्ण घर चालवणारं हायब्रिड इन्व्हर्टर आणि मोठी लिथियम बॅटरी ही चांगली गोष्ट आहे. घरात कुणाचं ऑक्सिजन मशीन असेल, घरून काम चालत असेल, तर जरूर घ्या. फक्त माशांसाठी घेऊ नका. शिवाय ज्या महिन्यांत लाइट जास्त जाते, त्याच महिन्यांत तुमचं सोलर सर्वात कमी देतं. जुलैच्या भरल्या आभाळात ते निम्म्यावर येतं, काही दिवशी त्याहूनही खाली. लागोपाठ दोन-तीन दिवस ऊन नाही आणि लाइटही नाही अशा वेळी मोठी बॅटरी फ्रिज, टीव्ही, पंखे यांच्यातच रिकामी होते आणि टाकीच्या वाट्याला काही उरत नाही. टाकीची बॅटरी छोटी पण तिची स्वतःची, दुसऱ्या कुणी हात न लावण्याची असावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती अशी करा. 12 व्होल्टची, 40 अँपियर-तासांची ट्यूब्युलर (लेड-अॅसिड प्रकारची) बॅटरी घ्या. तिच्यात 480 वॅट-तास मावतात. लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्याहून जास्त रिकामी करू नये, नाहीतर तिचं आयुष्य घटतं, म्हणून वापरायला 240 धरा. तिला 12 ते 14 व्होल्टवर चालणारा 5 वॅटचा डीसी एअर पंप थेट जोडा. 240 भागिले 5, म्हणजे 48 तास. दोन अख्खे दिवस लाइट नसली तरी हवा चालू. बॅटरीला भरल्यावर आपोआप मंद होणारा चार्जर कायम लावून ठेवा. पंप नेहमीच बॅटरीवर, चार्जर नेहमीच भिंतीच्या सॉकेटवर. मध्ये कुठलंही स्विच पलटायचं नाही, रात्री उठायचं नाही. लाइट गेली हे पंपाला कळतच नाही. चार्जरच्या सॉकेटमध्ये दिवसा येणारी वीज तुमच्या छतावरचीच असते, त्यामुळे वेगळं पॅनल लावायचं कारण नाही. बॅटरी, चार्जर, पंप आणि पुढे सांगतो ते फिल्टर धरून सात-आठ हजारांत काम होईल.

घरात साधा इन्व्हर्टर असेल तर त्यालाच का नको जोडायला, असं तुम्ही विचाराल. चालेल, पण लहान पंपासाठी ती उधळपट्टी आहे. इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच दहा-वीस वॅट खातो, म्हणजे 5 वॅटच्या पंपासाठी त्याच्या दुप्पट ते चौपट वीज वाया. त्यात तो जुना, खडबडीत लहरीची वीज देणारा स्क्वेअर-वेव्हवाला असेल तर फिल्टरची मोटर घरघरते आणि तापते. थेट 12 व्होल्टवर यातलं काहीच नाही.

बॅटरी टाकीखालच्या कपाटात मात्र ठेवू नका. जागा रिकामी दिसते, मोह होतो. पण लेड-अॅसिड बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते, तो बंद कपाटात साचतो. शिवाय वर 140 लिटर पाणी. भिंतीलगत, हवेशीर जागी, स्टुलावर ठेवा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज हवाच. 12 व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक गाफील राहतात, पण तारा एकमेकींना चिकटल्या तर आग लागते. डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर दोन महिन्यांनी बघायची. हे सगळं नको असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची 20 अँपियर-तासांची बॅटरी घ्या. ती हलकी असते, पाणी घालावं लागत नाही, ऐंशी टक्क्यांपर्यंत रिकामी केली तरी चालते. तिच्यावर पंप चाळीस तासांच्या आसपास चालेल. फक्त चार्जर तिचाच घ्यायचा, लेड-अॅसिडचा लावायचा नाही.

एवढं सगळं जमायला महिना जाईल. तोवरची सोय आज संध्याकाळी करा. वायफायच्या राउटरला लावतात तो छोटा 12 व्होल्टचा यूपीएस आणि 4 वॅटचा डीसी पंप, एवढ्यावर सहा-सात तास निघतात. किंवा यूएसबीवर चालणारा दीड वॅटचा पंप पॉवर बँकेला लावा. 10,000 एमएएचची पॉवर बँक त्याला पंधरा तासांच्या आसपास चालवते. काही पॉवर बँका इतक्या थोड्या विजेला ‘काहीच जोडलेलं नाही’ असं समजून आपोआप बंद होतात, म्हणून आधी दिवसा लावून बघा.

एअर पंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, किंवा नळीत एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसवा. पंप थांबला की टाकीतलं पाणी नळीतून उलटं खाली येतं, पंपात शिरतं आणि नंतर फरशीवर पसरतं. अनेकांचं टाकीशी वैर इथूनच सुरू होतं. (सासूबाईंचं तसं नसेल, अशी आशा आहे.)

आता फिल्टर. कॅनिस्टर वाईट नाही, पण तुमच्या गावी, तुमच्या पावसाळ्यात तो लाइटवर फार अवलंबून आहे. मी सुचवेन, हवेवर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टर टाका. एअर पंपाचे बुडबुडे वर चढताना स्पंजमधून पाणी ओढतात, जिवाणू त्या स्पंजवर राहतात. पंप बॅटरीवर, म्हणजे फिल्टरही बॅटरीवर. हवा आणि सफाई दोन्ही त्या 5 वॅटमध्ये. बुडबुड्यांतली हवा पाण्यात विरघळते म्हणून मासे जगतात असा समज आहे. त्यातून थोडंच मिळतं. खरं काम होतं ते पृष्ठभाग ढवळल्यामुळे, खोलीतल्या हवेचा प्राणवायू तिथूनच आत शिरतो. म्हणून झाकण घट्ट बसवू नका, मागे तीन-चार बोटं फट ठेवा. स्पंज दिसायला सुंदर नसतात हे कबूल. मागच्या दोन कोपऱ्यांत, झाडांच्या आड ठेवा.

कॅनिस्टर लगेच काढू नका. नव्या स्पंजवर जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर दोन्ही एकत्र चालवा. नंतर तो विकता येईल. ठेवायचाच असेल तर दहा-बारा वॅटचा लहान घ्या.

टाकीवरचा एलईडी लाइट बारा तास कशासाठी? त्यात शेवाळ तेवढं वाढतं. हॉलमध्ये दिवसा उजेड असतोच. संध्याकाळी साडेपाच ते साडेदहा, घरातली माणसं बसलेली असतात तेव्हा लावा. झाडं असतील तर सात तास. दोनशे-तीनशे रुपयांचा टायमर हे काम करतो. टाकी सोलरवर म्हणजे टाकी उन्हात, असा गैरसमज काही घरांत दिसतो. टाकीवर थेट ऊन पडू देऊ नका. पाणी तापतं, हिरवं होतं. ऊन छतावरच राहू दे.

कॅनिस्टर काढून लाइट पाच तासांवर आणलात तर टाकीचा रोजचा खर्च 1,130 वरून 240 वॅट-तासांवर येतो. एकही पॅनल न वाढवता चार-पंचमांश बचत. घरची वीज ‘हरित’ करायची म्हटली की माणसं आधी विकत काय घ्यायचं ते बघतात. गरज किती आहे ते मोजायला कुणी बसत नाही.

थंडीतल्या बिलाचा संशय बरोबर आहे. 200 वॅटचा हीटर दिवसातून अर्धा वेळ जरी चालू राहिला तरी 2.4 युनिट, म्हणजे बाकी सगळ्या टाकीच्या दुपटीहून जास्त. महिन्याला 72 युनिट आले. आणि तो चाललाय कुणासाठी? गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे, त्याला 18 ते 23 अंश उत्तम. उरतो सकर. बंद खोलीतलं पाणी 20 च्या खाली जात नसेल तर तोही निभावून नेतो. टाकीत थर्मामीटर लावा. पाणी खरोखरच 20 च्या खाली उतरायला लागलं तर हीटर लावा, आणि तो 21 वर ठेवा. 27 वर नको. टाकीच्या मागे, दोन बाजूंना आणि खाली थर्मोकोल लावलात तर उष्णता टिकते. झाकणही महत्त्वाचं. एक लिटर पाणी वाफ होऊन उडून जाताना सुमारे पाऊण युनिटाजवळ, नेमकं सांगायचं तर 0.68 युनिट, उष्णता सोबत नेतं. उघड्या टाकीतून रोज अर्धा लिटर पाणी कमी होत असेल तर एक-तृतीयांश युनिट हवेत जातंय. हीच गोष्ट उन्हाळ्यात तुमच्या बाजूने काम करते : झाकण काढून पाण्यावर 5 वॅटचा छोटा पंखा सोडला की पाणी दोन-तीन अंश उतरतं. साताऱ्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये हे छान चालतं. रत्नागिरीच्या दमट हवेत तेवढं चालत नाही.

नवे मासे आणताना हाच विचार ठेवा. डिस्कसला बाराही महिने 28 ते 30 अंश पाणी लागतं. समुद्री टाकीला प्रखर दिवे, लाटा करणारे पंप, बहुतेक वेळा पाणी गार करणारा चिलर. ती टाकी बॅटरीवर जगवायची म्हणजे मग खरंच लाखाची गोष्ट. तुमच्या टाकीत दोनच गोल्डफिश ठेवा. नाहीतर गोल्डफिशचा नाद सोडून एखाद-दुसरा गुरामी आणि गप्पी पाळा. हे सगळे कमी विजेत आनंदाने राहतात, पण मग हिवाळ्यात पाणी 22-23 अंशांवर ठेवावं लागेल. दोन्हीकडचं थोडं थोडं घेऊ नका, गोल्डफिश आणि उष्ण पाण्याचे मासे एका टाकीत सुखाने राहत नाहीत.

सकरबद्दल एक सांगायला हवं. तो फुटाहून मोठा होतो, तीन फुटी टाकी त्याला कमी पडणार. तेव्हा दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. कृष्णेत किंवा तळ्यात सोडू नका. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा. लोकांनी असाच ‘दया म्हणून’ सोडलेला सकर आज उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, जाळी फाडतो आणि त्याला बाजारभाव नाही.

ज्यांना छत नाही, फ्लॅटमध्ये राहतात, तेही हा प्रश्न नेहमी विचारतात, म्हणून थोडक्यात. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी सूर्यघर योजनेत किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, पण त्यासाठी सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर व्हावा लागतो. ते कसं जमवायचं यावर या सदरात तरी माझ्याकडे उपाय नाही. दुसरी वाट महावितरणच्या हरित दराची. वीज नियामक आयोगाने 2021 मध्ये युनिटमागे 66 पैसे जादा देऊन पूर्ण अपारंपरिक वीज मागायची सोय केली. आताचा दर उपविभागीय कार्यालयात विचारून घ्या. तिसरी वाट गॅलरीची. दक्षिणेकडे उघडी गॅलरी असेल तर 100 वॅटचं एक पॅनल, छोटा चार्ज कंट्रोलर आणि वर सांगितलेली बॅटरी. तिरपं, सावलीशिवाय लागलं तर चांगल्या दिवशी त्यातून तीनशे वॅट-तास हाती येतात, भर पावसात शंभराच्या आसपास. 4 वॅटच्या पंपाला दिवसाला 96 लागतात, म्हणजे पावसातही जेमतेम भागतं. ग्रिलला उभं टांगलं तर बरंच कमी मिळेल. पॅनल पक्कं बांधा, खालून माणसं जातात.

आता चिरंजीवांची पवनचक्की. ही कल्पना हसण्यावारी नेऊ नका, त्याने बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. सोलर सर्वात कमी देतं त्या जून ते ऑगस्टमध्येच आपल्याकडे वारा सर्वात जास्त असतो, आणि चाळकेवाडीच्या पठारावरच्या चक्क्या वर्षाची बरीचशी कमाई तेव्हाच करतात. पण त्या आहेत पठारावर, उंच मनोऱ्यावर. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग निम्मा झाला तर वीज आठवा हिस्सा उरते. एक मीटर व्यासाचं पातं घ्या. वारा सेकंदाला 3 मीटर असेल तर त्यातून जेमतेम 3 वॅट मिळतील, 6 मीटर असेल तर चोवीसएक. गावात, गच्चीवर, शेजारच्या टाक्या आणि नारळाच्या झाडांमध्ये वारा तुटक आणि घुमणारा असतो, तिथे 3 वॅटही रोजचे मिळायचे नाहीत. वर आवाज, आणि थरथर थेट स्लॅबमध्ये. त्याला एक स्वस्त वाऱ्याचा वेगमापक आणून द्या. पावसाळाभर गच्चीवर रोज ठरल्या वेळी मोजू दे, आकडे वहीत लिहू दे. सरासरी 5 मीटरच्या वर आली तर मला परत लिहा, मी माझं मत बदलेन. विज्ञान प्रदर्शनाला तर ती वही चालेलच.

सासूबाईंना सांगा, टाकी विकायची नाही, पण नवे मासे एवढ्यात आणायचे नाहीत. जुने जिवाणू त्या रात्री बरेचसे गेलेत असंच धरून चाला. स्पंज फिल्टर टाका, दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला. ते पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून क्लोरीन घालवलेलं असू दे. अमोनिया तपासायचं किट दुकानात मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊ लागले की एक गोल्डफिश आणा, तीन आठवड्यांनी दुसरा. घाई केलीत तर लाइट न जाताही मासे जातील.

पुढच्या वेळी लाइट गेलीच आणि बॅटरीनेही दगा दिला, तर झाकण पूर्ण काढायचं, खायला काही घालायचं नाही, आणि दर अर्ध्या तासाने मगभर पाणी टाकीतून घेऊन फूटभर उंचीवरून परत टाकीत ओतायचं, दहा-पंधरा वेळा. कंटाळवाणं आहे, पण चालतं. मासे दोन दिवस उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. कॅनिस्टर अजून लावलेला असेल तर लाइट आल्यावर आधी तो उघडायचा, हे वर सांगितलंच आहे.

बॅटरी जोडून झाली की पहिला गोल्डफिश यायच्या आधी एका शनिवारी रात्री चार्जरचा प्लग काढून टाका आणि सोमवारी सकाळपर्यंत लावू नका. पंप चालू राहिला, बॅटरी 12 व्होल्टच्या खाली गेली नाही, तर काम झालं. मध्येच बंद पडला तर बॅटरी जुनी मिळालीय किंवा पंप लिहिल्यापेक्षा जास्त खातोय. दोन्ही गोष्टी दुकानदाराला बिलासकट दाखवता येतात. टाकीत तेव्हा सकर एकटाच असेल, आणि तो या परीक्षेत नापास होत नाही हे आपण पाहिलंच आहे.